उत्तर बाकी

आमच्या मंडळाची मालमत्ता सांगायची तर तीन दुर्बिणी, एक बंद पडलेला स्लाइड प्रोजेक्टर, डझनभर सतरंज्या, वाचनालयानं वापरायला दिलेलं एक लोखंडी कपाट आणि त्या कपाटात तीन वह्या. वह्या खरं तर चार होत्या. एक हरवली. तिच्याबद्दल शेवटी बोलेन.

मंडळाला चाळीस वर्षं होताहेत, तेव्हा वाटचाल लिहून द्या, असं नव्या कार्यकारिणीतल्या मुलांनी सांगितलं. मी म्हटलं, वाटचाल त्या वह्यांतच आहे, पण ती नेहमीच्या पठडीतली नाही. पाहुणे कोण आले, अध्यक्षस्थानी कोण होतं, दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते झालं, यातलं काही तिथं सापडणार नाही. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांनी काय विचारलं एवढंच लिहिलेलं आहे, विचारणाऱ्याच्या शब्दांत. पाहुण्यांना उत्तर देता आलं तर प्रश्नापुढे बरोबरची खूण. "मला माहीत नाही" किंवा "अजून कुणालाच माहीत नाही" असं ते म्हणाले तर लाल शाईनं एकच शब्द : बाकी. ही पद्धत आमच्या पहिल्या खजिनदारांची. त्यांचं किराणा दुकान होतं. उधारी जशी खातेवहीत राहते तसा प्रश्नही राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उत्तर मिळेल त्या दिवशी तारीख टाकायची आणि बाकी खोडायची.

मंडळाला जन्माला घातलं हॅलेच्या धूमकेतूनं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करत होती, मोठ्या शहरांत हौशी निरीक्षक होते. कृष्णाकाठच्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला मात्र आकाश म्हणजे पेरणीची नक्षत्रं आणि भिंतीवरचं पंचांग. मार्च १९८६ मध्ये पहाटे हायस्कूलच्या मैदानावर गाव लोटलं. १९१० च्या लांबलचक शेपटीच्या गोष्टी सगळ्यांनी आजोबा-आजीकडून ऐकलेल्या. प्रत्यक्षात आग्नेयेला, क्षितिजापासून थोडा वर, कापसाचा पुसट बोळा. "एवढ्यासाठी उठवलं व्हय?" हे वाक्य त्या पहाटे मी इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी मलाच अपराधी वाटू लागलं.

ते गणिताच्या सरांच्या जिव्हारी लागलं. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी कोल्हापुरातून पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांना आणलं. आमचे पहिले पाहुणे. एसटीनं आले, स्लाइड नाहीत, तक्ते नाहीत. वाचनालयाच्या दिवाणखान्यात उभे राहिले आणि पिशवीतून दगडी कोळशाचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, तुम्ही पाहायला गेलात तो हा. १४ मार्चला युरोपचं जोत्तो यान हॅलेच्या केंद्रकापासून ६०० किलोमीटरच्या आतून गेलं होतं. त्यानं पाठवलेल्या चित्रांत ते केंद्रक सुमारे १५ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद, शेंगदाण्यासारखं वेडंवाकडं आणि कोळशाहून काळं दिसलं. पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के उजेड परत फेकणारं.

पहिल्या वहीतला पहिला प्रश्न आमच्या घड्याळजी काकांचा आहे : "कोळशाइतका काळा, तर मग दिसतो कसा?" पाहुणे हसले आणि त्यांनी पुढची वीस मिनिटं फक्त त्याच प्रश्नाला दिली. दिसतो तो गाभा नव्हेच. सूर्याच्या उबेनं गाभ्यातून सुटलेला वायू आणि धूळ यांचा तो पसारा. गाभा स्वतः त्या पसाऱ्याच्या आड लपलेला. म्हणून तर यान पाठवावं लागलं. मैदानावर निराश झालेली माणसं त्या संध्याकाळी घरी जाताना वेगळ्याच चेहऱ्यानं गेली. धूमकेतू तोच होता.

आमची व्याख्यानं पावसाळ्यात होतात, हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून मराठी माणसाला व्याख्यान म्हटलं की उन्हाळ्याची संध्याकाळ आठवते. आमचा हिशेब साधा : ऑक्टोबर ते मे आकाश उघडं, तेव्हा दुर्बिणीपाशी बसायचं. जून ते सप्टेंबर आकाशाला कुलूप, तेव्हा पाहुणे बोलवायचे. छपराच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय, छत्र्यांचा ढीग दाराशी आणि आत कुणी तरी शनीच्या कड्यांबद्दल सांगतंय, हे आमच्याकडचं नेहमीचं दृश्य. शनी त्या दिवशी कुणालाच दिसणार नसतो, म्हणूनच बहुधा त्याचं वर्णन इतकं मन लावून ऐकलं जातं.

सुरुवातीच्या वर्षांतली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. तिरुवनंतपुरमला अग्निबाणांवर काम केलेले एक अभियंता आमच्याच तालुक्यातले निघाले. सुटीत गावी आले होते, त्यांना धरून आणलं. लोकांची अपेक्षा पराक्रम ऐकण्याची. त्यांनी सुरुवात केली ती १० ऑगस्ट १९७९ पासून, म्हणजे एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं त्या दिवसापासून. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल गळून गेलेलं, टप्पा पेटला तेव्हा रॉकेटला दिशा देणारं काही उरलं नाही आणि पाचएक मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीच्या रॉकेटनं ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला, हे त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. गळतीवर मात्र पाऊण तास बोलले.

मग एका मास्तरांनी विचारलं, "ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो पेपरात पाहिला. देशाकडे ट्रक नव्हता का?" प्रश्नाला खवचट वास होता. अभियंत्यांना तो आवडला. ते म्हणाले, ट्रक होते, पण लोखंडी. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि आसपास धातू असला की रेडिओलहरी त्यावर आपटून परत येतात, मोजमाप बिघडतं. लाकडाची गाडी आणि दोन बैल हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय. तो उपग्रह १९ जून १९८१ ला एरियान रॉकेटवरून गेला. आजही तो फोटो गरिबीचं प्रतीक म्हणून फिरतो तेव्हा मला वहीतलं ते पान काढून दाखवावंसं वाटतं.

त्याच रात्री भाषेचाही एक धडा मिळाला. पाहुणे मराठीच बोलत होते, पण दर चौथा शब्द इंग्रजी. "थ्रस्ट, थ्रस्ट" असं सारखं येऊ लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका मावशी म्हणाल्या, "रेटा म्हणा की." पाहुणे क्षणभर थांबले आणि उरलेलं सगळं व्याख्यान त्यांनी "रेटा" वर निभावलं. पेलोडची गत तशीच. एका ट्रकमालकानं परस्पर निकाल दिला, "म्हणजे गाडीतला माल." तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला निमंत्रणाबरोबर आम्ही आमच्या शब्दांचा एक कागद पाठवतो. काही जण तो पाहून रागावतात. बहुतेक जण मात्र विचारतात, अजून आहेत का असे शब्द?

या पहिल्या वहीत लाल शाई बरीच आहे. एका मुलीनं विचारलेलं : "चंद्रावर थोडंसुद्धा पाणी नाही, हे नक्की का?" पाहुण्यांनी सांगितलं की अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेले दगड कोरडे निघाले, त्यामुळे नाहीच असं मानतात, पण चंद्राचा फार थोडा भाग माणसानं तपासलाय. खजिनदारांनी लिहिलं : बाकी. ही बाकी वीसेक वर्षं तशीच होती. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ निघालं, २९ ऑगस्ट २००९ ला त्याचा संपर्क तुटला, आणि यान मुकं झाल्यावर महिन्याच्या आत बातमी आली : त्याच्यावरच्या अमेरिकी उपकरणाला चंद्राच्या मातीच्या अगदी वरच्या थराला चिकटलेले पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे रेणू सापडलेत. त्या दिवशी खजिनदार नव्हते. त्यांच्या मुलानं दुकानातून येऊन बाकी खोडली आणि तारीख टाकली. कार्यक्रम वगैरे काही नव्हता. पाच-सहा जण होतो, चहा झाला.

दुसरी वही नाही, म्हणून नव्वदचं दशक मला आठवणीवर लिहावं लागतंय आणि आठवण ही भरवशाची बाई नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. दुर्बिणीतून गुरूवरचे काळे डाग दिसायला हवे होते. आमच्याकडे आठवडाभर ढग. व्याख्यान मात्र दणक्यात झालं. १९९५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर विसरता येणार नाही : २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्याले आणि साधारण महिन्यानं, २४ ऑक्टोबरला, दिवाळीतच सूर्यग्रहण. खग्रास पट्टा उत्तरेकडून गेला, आमच्याकडे खंडग्रास. एका महिन्यात दुधामागचा पृष्ठताणही समजावून सांगावा आणि ग्रहणही, अशी पाहुण्यांची कसोटी लागली. त्या दोन्ही सभांमध्ये विचारलेले प्रश्न त्या वहीत होते. मला त्यातला एकही धड आठवत नाही, हे लिहिताना वाईट वाटतंय.

आठवतो तो घोटाळा. एका स्थानिक दैनिकानं आमच्या पाहुण्यांचा उल्लेख "सुप्रसिद्ध ज्योतिषी" असा छापला. बिचारे ताऱ्यांच्या वर्णपटावर बोलायला आलेले. सभागृह कधी नव्हे इतकं भरलं आणि निम्म्या लोकांच्या हातात पत्रिका. वर्णपटाचा तास लोकांनी सभ्यपणे सोसला, मग एक गृहस्थ उठले : "मुलीला मंगळ आहे, काय करावं?" पाहुणे म्हणाले, "मंगळ मलाही आहे, तुम्हालाही आहे. आज रात्री ढग नसते तर दाखवला असता." हशा झाला, पण ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांचा प्रश्न खरा होता, घरातला होता, आणि हशानं तो संपत नाही हे मला तेव्हा कळलं. पुढे २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला बरोबर घेऊन पुण्यात चाचणी केली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, त्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. आता तसा प्रश्न आला की आम्ही चेष्टा करत नाही, हा आकडा सांगतो.

नारळीकरांचं नाव निघालंच आहे तर एक कर्ज मान्य करतो. ते जन्मले आमच्या शेजारी, कोल्हापुरात. कुणी मूल सही मागायला आलं की ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांना बोलावण्याचं धाडस आमच्या मंडळाला कधी झालं नाही, ती कल्पना मात्र आम्ही उचलली. आमच्याकडे पाहुण्यांची सही हवी असेल तर वहीत प्रश्न लिहावा लागतो. २० मे २०२५ ला ते गेले. त्या पावसाळ्यातल्या पहिल्या सभेत वहीचं पहिलं पान फक्त मुलांसाठी ठेवलं होतं, आणि ते पुरलं नाही.

पाहुण्यांची सरबराई हाही वाटचालीचाच भाग. मानधन देण्याची ऐपत नव्हती, आजही फारशी नाही. एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट आणि कुणाच्या तरी घरचं जेवण. एका खगोलशास्त्रज्ञांना आम्ही दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आग्रहानं वाढला आणि संध्याकाळी श्वेतबटू ताऱ्यांवर बोलताना ते दोनदा डुलले. त्यानंतर नियम झाला : रस्सा व्याख्यानानंतर, आधी पोहे. शाल-श्रीफळ हळूहळू बंद केलं. राजकीय पाहुण्यांना व्यासपीठावर बसवणंही सोडलं, कारण एकदा सत्कारमूर्तींच्या "दोन शब्दां"त चाळीस मिनिटं गेली आणि मुख्य वक्त्यांची शेवटची गाडी चुकली. भारनियमनाच्या वर्षांत तर व्याख्यान मध्येच अंधारात बुडायचं. सप्टेंबरअखेरची एक संध्याकाळ, वीज गेली, प्रोजेक्टर थंड, आणि बाहेर पाहतो तर पाऊस उघडलेला, गावात एक दिवा नाही, डोक्यावर आकाशगंगा. पाहुण्यांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि उरलेल्या स्लाइड बोटानं दाखवल्या. वीज मंडळाचे आभार मानण्याची ती एकमेव वेळ.

तिसऱ्या वहीत बाहेरचं जग आमच्या फार जवळ आलेलं दिसतं. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी तारा ताणून, वर जाळी बसवून, मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त कशी करायची ते दाखवलं. चौदा तबकड्या एका चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात २५ किलोमीटरपर्यंत शेताशिवारांत पसरलेल्या. तिथल्या कामाची माहिती असलेले पाहुणे आले, ते १९ ऑक्टोबर २०१६ नंतरच्या पावसाळ्यात. त्यांनी सांगितलेली हकिकत मी डोळे मिटूनही सांगू शकतो. युरोपचं स्कियापारेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण आवाज मुळात पृथ्वीसाठी नव्हताच, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता. तरीही १७ कोटी किलोमीटरवरून तो खोडदच्या तबकड्यांनी पकडला. पडद्यावर एक बारीक रेघ. यान वातावरणात शिरलं तशी रेघ वाकली, वेग कमी झाला तशी सरकली, छत्री उघडली. आणि उतरायला थोडा वेळ उरला असताना रेघ थांबली. यान आपटलं होतं. ते कुणालाही नक्की कळण्याआधी ती रेघ जुन्नर तालुक्यात थांबलेली दिसली.

प्रश्न आला एका शेतकऱ्याचा : "आमच्या मोटारसायकलीचा त्रास होतो म्हणं तुमच्या दुर्बिणीला?" होतो. इंजिनाची ठिणगी, मोबाइलचा मनोरा, खराब जोडणीची विजेची तार, सगळं त्या कानांना ऐकू येतं. "मग मंगळावरचं ऐकायला आम्ही गाड्या बंद करायच्या का?" पाहुणे म्हणाले, थोड्या कमी केल्या तर बरं. वहीत या प्रश्नापुढे खूण नाही आणि बाकीही नाही. काय लिहावं हे कळलं नसावं.

मंगळयानावरचं व्याख्यान गर्दीचं झालं हे सांगायला नको. उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ ला, भाऊबीज आणि वर मंगळवार. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी यान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा पितृपक्षाची अमावास्या संपायची होती. "असल्या दिवशी शुभकार्य कसं केलं?" हा प्रश्न वहीत दोन वेगवेगळ्या अक्षरांत आहे. पाहुण्यांचं उत्तर : मुहूर्त मंगळ आणि पृथ्वी यांच्या जागांनी ठरवलेला, आपण फक्त वेळेवर पोचलो. मला त्या व्याख्यानातलं वेगळंच लक्षात राहिलं. पृथ्वीभोवतीची कक्षा वाढवताना ११ नोव्हेंबरला एक धक्का कमी पडला होता, सेकंदाला १३० मीटर वेग वाढायचा तिथे ३५ मीटरच वाढला. दुसऱ्या दिवशी जादा धक्का देऊन तो भरून काढला. आणि मुख्य इंजिन जवळपास ३०० दिवस बंद राहिल्यानंतर पेटेल का, हे पाहायला दोन दिवस आधी ते फक्त चार सेकंद चालवलं. "चार सेकंदच का? जास्त का नाही?" हा प्रश्न एका पंपदुरुस्तीवाल्याचा. त्याच्या व्यवसायातला होता तो. बंद मोटर बऱ्याच दिवसांनी चालू करायची म्हणजे काय धाकधूक असते, हे त्याला आणि पाहुण्यांना सोडून सभागृहात कुणाला कळत होतं?

गुरुत्वीय लहरींची बातमी ११ फेब्रुवारी २०१६ ला आली. त्या पावसाळ्यात आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं की १.३ अब्ज वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकत्र आली, त्या कंपनानं चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी बदलली, आणि ते मोजलं गेलं. अशा क्षीण खुणा गोंगाटातून गाळायच्या पद्धतीवर पुण्यात आयुका या संस्थेत संजीव धुरंधर यांनी कित्येक वर्षं आधीपासून काम केलेलं. भारतातली तशी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार, एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. नामदेवांच्या कीर्तनासाठी जिथं देऊळ फिरलं अशी कथा आहे, तिथं आता जराही न हलणारं काही तरी बांधायचं आहे, असं एक वारकरी आजोबा म्हणाले. पाहुण्यांनी ते वाक्य आपल्या डायरीत उतरवून घेतलं.

आता एका कोऱ्या पानाबद्दल. वर्ष सांगत नाही, पाहुण्यांची ओळखही नाही. बोलणं घणाघाती, पडद्यावर तिरंगा, पार्श्वसंगीत, दर दोन मिनिटांना टाळ्या. देश किती पुढे गेला हे ऐकून अंगावर काटा आला. "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हटल्यावर सभागृह गप्प. घोषणा झाल्या, प्रश्न झाला नाही. चाळीस वर्षांत वहीचं एवढं एकच पान तारीख टाकून कोरं आहे. टाळ्या त्या दिवशी सर्वांत जास्त पडल्या होत्या, हे मी मुद्दाम नमूद करतो.

याच्या अगदी उलट, २०१९. गणपतीचे दिवस. ७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर मंडपांतून पडदे लावून लोक चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर उतरायची वाट पाहत बसलेले. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक, नंतर संपर्क नाही. आठ-दहा दिवसांनी आमची सभा आधीच ठरलेली होती. पाहुणे निवृत्त अभियंता. त्यांनी फोन केला, "येऊ ना?" आम्ही म्हटलं, आताच या. हॉल भरला, पण तिरडीभोवती बसावं तशी माणसं बसलेली. त्यांनी १९७९ पासून सुरुवात केली. मला वाटलं, हे व्याख्यान आपण आधी ऐकलंय. त्या रात्री चौदा प्रश्न लिहिले गेले, त्यातले अकरा "बाकी". पहिलाच : "विक्रमचं नेमकं चुकलं काय?"

ती बाकी जुलै २०२३ मध्ये खोडली. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं की पाच इंजिनांचा रेटा (हो, रेटाच) अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, चुका साठत गेल्या, यानाला फार वेगानं वळावं लागलं पण त्याच्या आज्ञावलीनं वळण्यावर मर्यादा घातलेली, आणि उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर इतकी लहान की यान शेवटी वेग वाढवत तिच्याकडे धावलं. पुढच्या यानासाठी जागा वाढवून सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली, इंजिनं चार ठेवली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ते उतरलं तेव्हा वाचनालयात पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि बाहेर पाऊस होता. पेढे वाटले. पण मला विचाराल तर मंडळाचा मोठा दिवस तो नव्हे, महिनाभर आधीचा, बाकी खोडल्याचा.

करोनाची दोन वर्षं संगणकाच्या पडद्यावर गेली. फायदा असा की अमेरिकेतले मराठी अभियंतेही त्यांच्या सकाळी, आमच्या रात्री बोलू शकले. तोटा असा की "म्यूट काढा" हेच वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू आलं. वहीत मोजकेच प्रश्न. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भावरून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. जाणकारांच्या मते ते एका चिनी रॉकेटचे अवशेष. आमच्या भागातून काही दिसलं नाही, पण नातेवाइकांच्या चित्रफितींनी फोन भरले आणि सगळ्यांना अवकाशातल्या कचऱ्यावर व्याख्यान हवं झालं. "आपल्या घरावर पडलं तर भरपाई कोण देणार?" हा प्रश्न लगेच आला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्या देशानं रॉकेट सोडलं तो जबाबदार. खूण. "आणि मिळणार किती वर्षांनी?" बाकी.

मंडळातून शास्त्रज्ञ किती तयार झाले, असं देणगीदार विचारतात. मोजलं नाही. पंपदुरुस्तीवाला अजून पंप दुरुस्त करतो, मावशी अजून मागच्याच रांगेत बसतात. श्रोते कमी झालेत हे खरं, कारण तीच माहिती आता प्रत्येकाच्या खिशात असते. पण खिशातल्या यंत्राला बाकी लिहिता येत नाही. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं.

९ डिसेंबर २०२३ ला हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला पोचला आणि परत फिरला. आता तो आमच्याकडे येतोय. सूर्याजवळ पोचेल २८ जुलै २०६१ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हाच्या कार्यवाहांनी व्याख्यान ठेवावं, मैदानावर कुणाला उठवू नये.

राहिली ती दुसरी वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. १९९० च्या दशकात कुणी तरी वाचायला म्हणून नेली, ती आली नाही. तिच्यातल्या बाक्यांपैकी कित्येकांची उत्तरं एव्हाना सापडली असतील, पण प्रश्नच हाती नसल्यानं आम्हाला त्या खोडता येत नाहीत. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती आणून द्यावी. वाचनालयाच्या टेबलावर ठेवून गेलात तरी चालेल, कोणी काही विचारणार नाही.